तुमचं पायथॉन फंक्शन दुसऱ्याच्या मोबाईलवर कसं चालवायचं? साधा वेब एपीआय बनवूया

कॉलेजमध्ये किंवा यूट्यूब बघून पायथॉन शिकलेल्या बहुतेकांच्या लॅपटॉपमध्ये एक फोल्डर असतं. त्यात छोटी छोटी फंक्शन्स पडून असतात. कुणी व्याज काढणारं लिहिलेलं असतं, कुणी टक्केवारी काढणारं. कोड चालतो, उत्तरही बरोबर येतं. पण घरातल्या कुणाला ते वापरायचं असेल तर काय? त्यांच्याकडे मोबाईल आहे, पायथॉन नाही. मग आपण फाईल व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि समोरचा विचारतो, "ही उघडायची कशी?"

चालणारा कोड आणि लोकांना वापरता येणारा कोड यांच्यातलं हे अंतर भरून काढायला फार नवीन शिकावं लागत नाही. लिहिलेलं फंक्शन तसंच ठेवून त्याला एक दार लावायचं, की झाला वेब एपीआय. दार लावायला दहा-पंधरा ओळी पुरतात. त्या दारातून कोण काय घेऊन येईल याची तयारी मात्र नीट करावी लागते. आजच्या लेखात आपण दोन्ही बघू.

(एक सूचना: या लेखात आज्ञा, फाईलची नावं आणि पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. टाईप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका.)

एपीआय म्हणजे नक्की काय?

मोबाईलमधलं हवामानाचं ॲप उघडलं की तापमान दिसतं. ते तापमान तुमच्या फोनने मोजलेलं नसतं. फोन इंटरनेटवरच्या एका कॉम्प्युटरला विचारतो, "या गावाचं हवामान सांग", आणि तो कॉम्प्युटर उत्तर पाठवतो. विचारायची आणि उत्तर द्यायची ही ठरलेली पद्धत म्हणजे एपीआय.

आता फंक्शनकडे बघा. त्याला तीन गोष्टी असतात: नाव, आत जाणारी माहिती आणि बाहेर येणारं उत्तर. वेबच्या पत्त्यातही याच तीन गोष्टी असतात.

- फंक्शनचं नाव → पत्त्यातला तिरक्या रेघेनंतरचा भाग, उदा. /जमीन
- कंसातली माहिती → प्रश्नचिन्हानंतरचा भाग, उदा. ?हेक्टर=१&आर=२०
- रिटर्न होणारं उत्तर → ब्राउझरला परत मिळणारा मजकूर

म्हणजे जमीन(१, २०) असं कोडमध्ये लिहिणं आणि /जमीन?हेक्टर=१&आर=२० हा पत्ता ब्राउझरमध्ये उघडणं या एकाच गोष्टी आहेत. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

आपलं उदाहरण: हेक्टर-आर ते एकर-गुंठे

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. गावात मात्र बोलणं एकर-गुंठ्यांत चालतं. त्यामुळे हे गणित घरोघरी लागतं. हिशोब असा:

- १ हेक्टर = १०० आर = १०,००० चौरस मीटर
- १ आर = १०० चौरस मीटर
- १ गुंठा = १०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१.१७१४ चौरस मीटर
- १ एकर = ४० गुंठे

फंक्शनचा तर्क मराठीत मांडला तर असा दिसेल:

फंक्शन जमीन(हेक्टर, आर):
  चौरस_मीटर = हेक्टर × १०००० + आर × १००
  एकूण_गुंठे = चौरस_मीटर ÷ १०१.१७१४
  एकर = एकूण_गुंठे ÷ ४० यातला पूर्णांक
  गुंठे = उरलेले गुंठे, एका दशांशापर्यंत
  रिटर्न एकर, गुंठे

१ हेक्टर २० आर टाकले तर १२,००० चौरस मीटर होतात, म्हणजे ११८.६ गुंठे. उत्तर: २ एकर ३८.६ गुंठे.

आधी तपासा: तुमचं फंक्शन दार लावण्यासारखं आहे का?

इथे बरेच जण अडतात. शिकताना आपण फंक्शनच्या आतच "हेक्टर टाका" म्हणून इनपुट घेतो आणि शेवटी प्रिंट करतो. स्वतःपुरतं ते ठीक असतं, एपीआयमध्ये चालत नाही.

इनपुट आत नको. समजा तुमच्या मैत्रिणीने फोनवरून पत्ता उघडला. फंक्शनच्या आत इनपुट असेल तर प्रश्न तिच्या फोनवर विचारला जात नाही. तो तुमच्या लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत विचारला जातो. ती तिकडे वाट बघत बसते आणि इकडे कर्सर लुकलुकत राहतो. म्हणून माहिती फंक्शनच्या कंसातूनच आली पाहिजे.

प्रिंट नको, रिटर्न हवं. प्रिंट केलेलं उत्तरही तुमच्याच स्क्रीनवर राहतं. बाहेर जातं ते फक्त रिटर्न केलेलं.

बाहेरच्या व्हेरिएबलमध्ये काही साठवू नका. फंक्शन मागचं उत्तर ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवत असेल, तर एकाच वेळी दोघांनी वापरलं की एकाचा आकडा दुसऱ्याच्या हिशोबात मिसळू शकतो. दिलेल्या माहितीवरून उत्तर काढायचं आणि विसरून जायचं, असं फंक्शन सगळ्यात चांगलं.

हे तीन बदल केले की फंक्शन तयार. यापुढे एपीआयसाठी त्याला हात लावायचा नाही.

फ्लास्क वापरून दार लावूया

पायथॉनमध्ये यासाठी फ्लास्क, फास्टएपीआय, जँगो असे बरेच पर्याय आहेत. आपण फ्लास्क घेऊ, कारण तो छोटा आहे. आर्मिन रोनाकर यांनी २०१० मध्ये तो आणला, आणि त्याची सुरुवात चक्क एप्रिल फूलच्या गमतीतून झाली होती. आज मात्र तो जगभर खऱ्या कामासाठी वापरला जातो.

पायरी १. टर्मिनलमध्ये "पिप इन्स्टॉल फ्लास्क" चालवा.

पायरी २. तुमचं फंक्शन ज्या फाईलमध्ये आहे ती तशीच राहू द्या. तिच्याशेजारी "ॲप.पाय" नावाची नवीन फाईल बनवा. हेच नाव द्या, कारण फ्लास्क ते आपोआप शोधतो.

पायरी ३. नवीन फाईलमध्ये चार कामं करायची. पहिलं, फ्लास्क आणि तुमचं जुनं फंक्शन इम्पोर्ट करायचं. दुसरं, फ्लास्कचं एक ॲप तयार करायचं. तिसरं, एक छोटं नवीन फंक्शन लिहून त्याच्या डोक्यावर "/जमीन" हा रस्ता सांगणारी ॲट-रूट ची ओळ टाकायची. चौथं, त्या छोट्या फंक्शनमध्ये पत्त्यातून हेक्टर आणि आर वाचायचे, जुन्या फंक्शनला द्यायचे आणि आलेलं उत्तर डिक्शनरी बनवून रिटर्न करायचं. फ्लास्कच्या १.१ नंतरच्या आवृत्त्या डिक्शनरीचं आपोआप जेसॉन करतात. जेसॉन म्हणजे कुठल्याही ॲपला वाचता येईल असा साधा मजकूर.

पायरी ४. टर्मिनलमध्ये "फ्लास्क रन" चालवा. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:५००० हा पत्ता आणि त्यापुढे /जमीन?हेक्टर=१&आर=२० टाका. एकर २ आणि गुंठे ३८.६ असं उत्तर दिसलं की झाला तुमचा पहिला एपीआय!

मॅकवर ५००० नंबरचा पोर्ट कधी कधी एअरप्लेने आधीच घेतलेला असतो. तसं झालं तर रन करताना ५००१ सारखा दुसरा पोर्ट द्या.

आता फोनवरून उघडा

१२७.०.०.१ म्हणजे "मी स्वतः". हा पत्ता फोनमध्ये टाकला तर फोन स्वतःलाच शोधेल आणि काहीच सापडणार नाही. फोनवरून बघायचं असेल तर:

१. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर ठेवा.
२. "फ्लास्क रन --होस्ट=०.०.०.०" असं चालवा. याचा अर्थ, या नेटवर्कवरून येणाऱ्या कुणालाही उत्तर दे.
३. लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता बघा. तो बहुतेकदा १९२.१६८ ने सुरू होतो.
४. फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, मग :५००० आणि मग /जमीन वगैरे टाका.

उत्तर येत नसेल तर आधी लॅपटॉपची फायरवॉल तपासा. आणि एक लक्षात ठेवा, "कुणालाही" म्हणजे खरंच कुणालाही. हॉस्टेलच्या किंवा कॅफेच्या वायफायवर हे चालू ठेवून उठू नका.

लॅपटॉपच नाही? अँड्रॉइडवर एफ-ड्रॉइडमधून टर्मक्स ॲप घ्या, त्यात पायथॉन टाका आणि मग पिपने फ्लास्क. वरच्या सगळ्या पायऱ्या फोनमध्येच करता येतात. तेव्हा १२७.०.०.१ हा पत्ता फोनवरच चालेल, कारण सर्व्हरही फोनच आहे.

खरी परीक्षा: अनोळखी माणूस काय टाकेल?

फंक्शन तुमच्याकडे होतं तोवर त्यात काय टाकायचं हे तुम्हाला माहीत होतं. आता ते कुणीही वापरणार. आणि इथे आकडा चुकला तर जमिनीचा हिशोब चुकतो. पाच प्रकार बघू.

१. माहितीच आली नाही. कुणी "आर" चं स्पेलिंग चुकवलं, तर एपीआयला आर मिळणारच नाहीत. बरेच जण अशा वेळी "नसेल तर शून्य धर" असं लिहून मोकळे होतात. परिणाम बघा. १ हेक्टर २० आर चे २ एकर ३८.६ गुंठे यायला हवेत, पण उत्तर येईल २ एकर १८.८ गुंठे. जवळपास अर्धा एकर गायब, आणि एररही नाही! चुकीच्या उत्तरापेक्षा "आर द्या" असं सांगून उत्तर न देणं केव्हाही बरं.

२. आकड्याऐवजी अक्षरं. पत्त्यातून येणारी प्रत्येक गोष्ट मजकूर असते, "१" सुद्धा. तिचा आकडा करावा लागतो. फ्लास्कमध्ये वाचतानाच "टाईप फ्लोट" असं सांगता येतं. आकडा झाला नाही तर "नन" मिळतं. नन आलं की थांबायचं.

इथे आपल्यासाठी एक छान गोष्ट आहे: पायथॉनच्या फ्लोटला देवनागरी आकडे कळतात. कुणी मराठी कीबोर्डवरून १.२ टाकलं तरी त्याचा बरोबर आकडा होतो. त्यासाठी वेगळा कोड लागत नाही.

३. उणे आकडे. जमीन उणे नसते. पण फंक्शन निमूटपणे उणे गुंठे काढून देईल.

४. "एन-ए-एन". ही तीन इंग्रजी अक्षरं पाठवली तर पायथॉन त्याचाही फ्लोट बनवतो. अर्थ: आकडा नसलेला आकडा. गंमत अशी की तो शून्यापेक्षा लहान आहे का, असं विचारलं तर पायथॉन "नाही" म्हणतो. मोठा आहे का, तरी "नाही" च. त्यामुळे "उणे असेल तर नाकार" हा नियम त्याला अडवत नाही. नियम उलटा लिहा: "हेक्टर ० ते १००० च्या मध्ये असेल तरच स्वीकार". मग हा आपोआप बाहेर राहतो.

५. अर्थ चुकलेले आकडे. १०० आर झाले की १ हेक्टर होतो. त्यामुळे सातबाऱ्यावरून बघून टाकलेले आर १०० च्या खालीच असायला हवेत. १२० आर आले तर माणसाने रकाना चुकवला असण्याची शक्यता जास्त. तेही नाकारा आणि कारण सांगा. ही तपासणी कुठलीही लायब्ररी तुम्हाला फुकट देणार नाही. तुम्हाला विषय माहीत आहे म्हणून ती सुचते.

नाकारताना उत्तरासोबत योग्य नंबरही पाठवा. वेबवर हे नंबर ठरलेले आहेत:

- २०० : सगळं ठीक
- ४०० : मागणाऱ्याची माहिती चुकली
- ४०४ : असा पत्ताच नाही
- ५०० : सर्व्हरच्या कोडमध्ये गडबड

माहिती चुकली असताना २०० पाठवून आत "एरर" लिहिणं ही वाईट सवय. समोरचं ॲप बहुतेकदा आधी नंबर बघतं. २०० दिसलं की ते उत्तर बरोबर समजून पुढे जातं.

मराठी अक्षरं अशी का दिसतात?

एरर मराठीत पाठवली आणि ब्राउझरमध्ये उलटी तिरकी रेघ, यू, मग ०९ ने सुरू होणारे आकडे अशी रांग दिसली, तर घाबरू नका. काही बिघडलेलं नाही. युनिकोडमध्ये देवनागरीचे नंबर ०९०० पासून सुरू होतात, आणि फ्लास्क मूळ सेटिंगमध्ये इंग्रजी सोडून बाकी अक्षरं अशा नंबरांनी लिहितो. ॲप ते वाचताना पुन्हा मराठी करून घेतं. डोळ्यांनीही मराठीच दिसायला हवी असेल, तर फ्लास्क २.२ पासून ॲपच्या जेसॉन सेटिंगमधलं "एन्शुअर आस्की" फॉल्स करा.

हे दार कधीच उघडू नका

- सगळी फंक्शन्स एकदम बाहेर काढणं. "फाईलमधलं प्रत्येक फंक्शन आपोआप एपीआय कर" असा लूप लिहिता येतो आणि तो हुशारीचाही वाटतो. पण त्याच फाईलमध्ये एखादं फाईल डिलीट करणारं फंक्शन असेल तर? बाहेर काय जाणार याची यादी स्वतः, एकेक नाव लिहून करा.
- इव्हॅल वापरणं. पत्त्यातून आलेला मजकूर इव्हॅलला देणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात तुमचा कीबोर्ड देणं. तो हवा तो कोड चालवेल.
- डीबग मोड चालू ठेवून सर्व्हर जगासमोर ठेवणं. फ्लास्कच्या डीबग मोडमध्ये एरर आली की ब्राउझरमधूनच कोड चालवायची सोय मिळते. त्याला पिन असतो, पण त्यावर विसंबू नका. डीबग फक्त स्वतःच्या मशीनवर.
- पासवर्ड, आधार क्रमांक पत्त्यात घेणं. प्रश्नचिन्हानंतरचं सगळं ब्राउझरच्या हिस्टरीत आणि सर्व्हरच्या नोंदींत राहतं. हेक्टर-आर चालतील, खासगी माहिती नाही.

इंटरनेटवर टाकताना

"फ्लास्क रन" चालवलं की एक सूचना दिसते: हा डेव्हलपमेंट सर्व्हर आहे, खऱ्या वापरासाठी नाही. ती मनावर घ्या. खऱ्या वापरासाठी गनिकॉर्न किंवा वेट्रेस सारखा सर्व्हर लागतो. विंडोजवर वेट्रेस चालतो, गनिकॉर्न लिनक्ससारख्या सिस्टिमसाठी आहे. पायथॉनएनीव्हेअर सारख्या सेवांवर फ्लास्कची तयार सोय असते, तिथे सुरुवात करणं सोपं. पत्ता एचटीटीपीएस ने सुरू होतोय ना, तेवढं बघा.

एका जागी दुरुस्ती, सगळ्यांना बरोबर उत्तर

आता एवढा खटाटोप कशासाठी, ते बघू. आपल्या वरच्या फंक्शनमध्ये एक चूक लपलेली आहे. त्यात ० हेक्टर ४०.४६ आर टाका. गुंठे होतात ३९.९९. चाळीसपेक्षा कमी, म्हणून एकर शून्य. मग ३९.९९ चे एका दशांशापर्यंत होतात ४०.०. उत्तर येतं: ० एकर ४० गुंठे. गावातला कुणीही म्हणेल, "अरे, हा तर एक एकर!"

दुरुस्ती सोपी आहे. आधी एकूण गुंठे एका दशांशापर्यंत करायचे आणि मगच एकर वेगळे काढायचे. पण फाईल व्हॉट्सॲपवर वीस जणांना पाठवली असती, तर वीस ठिकाणी जुनीच फाईल राहिली असती आणि कुणाकडे कुठली आहे हेही कळलं नसतं. एपीआयमध्ये तुम्ही एकदा दुरुस्त करून सर्व्हर पुन्हा सुरू केला की पुढच्या क्षणापासून सगळ्यांना बरोबर उत्तर. आणि फंक्शन वेगळ्या फाईलमध्ये ठेवल्यामुळे दाराच्या कोडला हातही लावावा लागला नाही.

याचीच दुसरी बाजू: तुमच्या एका बदलाने सगळ्यांचं बिघडूही शकतं. उत्तरातलं "गुंठे" हे नाव उद्या "गुंठा" केलंत, तर त्यावर बनवलेली सगळी ॲप्स बंद पडतील. म्हणून पत्ता पहिल्यापासून /व्ही१/जमीन असा ठेवा. मोठा बदल करायचा झाला तर /व्ही२ काढा आणि जुना काही दिवस चालू ठेवा.

नेहमी पडणारे प्रश्न

पायथॉनच लागतं का? नाही. जावास्क्रिप्टमध्ये एक्सप्रेस, जावामध्ये स्प्रिंग बूट हेच काम करतात. फंक्शन वेगळं आणि दार वेगळं, हा नियम सगळीकडे सारखाच.

फास्टएपीआय घेऊ का? जरूर. तुम्ही फंक्शनमध्ये लिहिलेल्या टाईपवरून तो तपासण्या करतो आणि वापराचं पानही आपोआप बनवतो. "१२० आर नको" सारखे नियम मात्र तिथेही तुम्हालाच लिहावे लागतात.

ब्राउझरमध्ये पत्ता चालतो, पण माझ्या वेबसाईटवरून चालत नाही? हा बहुतेकदा कॉर्सचा नियम. दुसऱ्या साईटच्या पानाला तुमचं उत्तर वाचायची परवानगी सर्व्हरने द्यावी लागते. "फ्लास्क-कॉर्स" हे पॅकेज ते काम करतं. परवानगी देताना फक्त स्वतःच्या साईटचं नाव टाका.

आज जुन्या फोल्डरमधलं एक फंक्शन निवडा. त्यातलं इनपुट आणि प्रिंट काढा, दार लावा आणि वरच्या पाच प्रकारांनी ते मोडायचा प्रयत्न करा. मोडलं नाही तरच पत्ता दुसऱ्याला पाठवा. कुठलं फंक्शन निवडलं आणि कुठे अडलात, ते कमेंटमध्ये नक्की सांगा!